बोटांना सुट्टी

प्रिय बाळे,

पार्सल पोचलं. लोकरीचे मोजे, बदाम, बाबांसाठी स्वेटर, सगळं धड आलं. वरचा टपालखर्चाचा आकडा बघून मात्र जीव कळवळला. तेवढ्यात इथे आणखी एक स्वेटर आला असता. पुन्हा पाठवू नकोस. मोजे मी लगेच घातले, हेही खरं.

ब्रेलच्या वर्गाचं विचारलंयस. अगं, झाला! वर्षअखेरीपर्यंत एक अख्खं पान बोटांनी वाचायचं, असं मनाशी धरलं होतं. देवाच्या दयेने खूप आधीच जमलं. सुरुवातीला मी ठिपके डोळ्यांनीच वाचायचे, बोट आपलं नावाला. शिकवणाऱ्या बाई जन्मापासून आंधळ्या, तरी त्यांनी पकडलंच. म्हणे, काकू, तुमचं बोट अजून वाटेत आणि तोंड पोचलंसुद्धा! मग हातांवर फडकं आलं. त्यांनी रोजच्या प्रार्थनेचं पान दिलं, तर मी घडाघडा म्हणून मोकळी. त्यावर म्हणाल्या, देव फसेल, मी नाही फसायची. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पंप दुरुस्त कसा करावा, याचं पान हातात ठेवलं. ते कुठलं पाठ असायला! त्याच पंपावर शेवटी मी पास झाले.

लगेच पुढचं पुस्तक घ्या, हात बसलाय तोवर, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, नको, आता थोडी सुट्टी. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं असावं.

सुट्टीत मी नुसती बघत बसते. समोरच्या गच्चीवर वाळणारे कपडे बघते. त्यातला निळा कुठला नि हिरवा कुठला, हल्ली नीट कळत नाही. बाबा दाढी करतात ते बघते. त्यांच्या हनुवटीवर बारीकसा व्रण आहे, तो डावीकडे की उजवीकडे, एवढ्या संसारात मला सांगता आलं नसतं. आज काय नवीन दिसलं, म्हणून ते विचारतात. मी म्हणते, कानामागे फेस राहिलाय. मग ते तोंड फिरवतात आणि उगाच नळ सोडून ठेवतात. पाणी वाया जातं, पण जाऊ देते.

अंध मुलांच्या शाळेत मदत करायला मी हे शिकतेय, असं तुला वाटलं. मी तसं वाटू दिलं. डॉक्टरांनी डोळ्यांना वर्षभराची मुदत दिली होती गं. बोटं वेळेआधी तयार झाली, पण डोळ्यांनीही घाई केली. कडेचं सगळं गेलंय. मधे एक गोल उरलाय, त्यात एका वेळी एकच चेहरा मावतो. तिकिटं स्वस्त झाली की पुढच्या वर्षी ये, असं मीच लिहिलं होतं. आता थांबू नकोस. भाड्याचा विचार करू नको, हे तुझी आई लिहितेय, यावरूनच काय ते ओळख. माझ्या छोट्या नातीला घेऊन ये. तिचं नाक बाबांवर गेलंय की माझ्यावर, यावरून आमचं भांडण चालू आहे. ते मला स्वतः बघून मिटवायचंय. कधी निघतेस ते उलट टपाली कळव. दोनच ओळी लिही, म्हणजे कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही, माझी मीच वाचेन.

तुझीच,
आई