तरंगाचं सोवळं आणि तपकिरी डबा

१९ जाने., सोम.
आज आलं: गॅस. तूरडाळ १ कि., १४०. चहापूड पाव कि., १२०. देवाच्या वाती, १०. आणि ह्यांच्या नावाने कुरिअरने एक तपकिरी डबा, १४९९, पैसे हातात द्यायचे. हे तोंडवलीला कुणाच्या होडीचं इंजिन उघडून बसलेले. फोन केला तर म्हणाले, "दी गो, पार्ट आसा." दिले. इंजिनाचा पार्ट इतका हलका? हलवला तर आत खुळखुळतं.
आई (सासूबाई) म्हणाल्या, "उघडू नको, घोवाचा सामान." नाही उघडला.

२० जाने., मंगळ.
डबा कपाटावर ठेवलेला, सकाळी नव्हता. झाडताना सापडला. ह्यांच्या पान्यांच्या पेटीत, चिंध्यांच्या खाली. आता उघडलेला. वर उधळलेल्या घोड्याचं चित्र. खाली काय लिहिलंय ते इथे लिहीत नाही. मी मॅट्रिक झालेली, वाचता येतं.
दसऱ्याला आमच्या घराण्याकडे देवाचा तरंग धरायचा मान. ह्यांच्या हातात तो खांब असतो, म्हणून आधी महिनाभर सोवळं, पडवीत झोपणं. ते रीतीचंच. पण दोन वर्षांमागच्या दसऱ्यानंतर हे आत आलेच नाहीत. आधी कार्तिक, मग जत्रा, मग शिवरात्र, मग शिमगा. सोवळं संपेचना. आणि मी शेजारी सांगत फिरायची, आमच्याकडे देवाचं फार कडक.
ह्या वहीची मागची पानं चाळली. "असा नवरा दिलास, देवा, उपकार तुझे." चार वेळा लिहिलंय.
देवा रवळनाथा, ह्यांनी तुझं नाव पुढे केलं. रागावू नकोस. लाजेपोटी केलं.

२३ जाने., शुक्र.
दुपारी आई वाडीत गेलेल्या. ह्यांचं पान वाढलं आणि शेजारी डबा ठेवला. भाताला हात लागला नाही.
मग, "दोन वर्सां झाली गो. तुका काय सांगणार होतंय? म्हणान देवाचा नाव घेतलंय."
मी म्हटलं, "माका वाटला, मी नको झालंय."
हे लिहिताना...
असो. त्यावर हसले की रडले ते कळलं नाही. "तुका नको म्हणूक माका खूळ लागलाहा?"
गोळी अजून घेतलेली नाही. चार दिवस नुसती बघतायत. देवा, तुझी कृपा. म्हटलं, आधी डॉक्टर, मग काय ती गोळी. "ह्या डॉक्टराक सांगू? मेलंय तरी नाय." मी म्हटलं, "तुमी नुसते बसा. मी सांगतंय."

२७ जाने., मंगळ.
कुडाळ. डॉक्टर तरुण, माझ्या भाच्याएवढा. हे म्हणाले, "जरा अशक्तपणा आहे." मग मी पंख्याकडे बघून, शाळेत कविता म्हणायचे तसं एका दमात म्हटलं: यांना दोन वर्षांपासून पतिपत्नीच्या संबंधात अडचण आहे. डॉक्टर हसला नाही. देव त्याचं भलं करो.
प्रेशर घेतलं, जास्त. साखर बघितली, ती पण. बिडी? दिवसाला सहा. (दहा. मी सांगितलं.) वडील कशाने गेले? "झोपेत. बावन्नाव्या वर्षी." तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं.
म्हणाला, दर वेळी तसंच असेल असं नाही, पण कधी कधी ही हृदयाची पहिली सूचना असते. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, त्या आधी चोंदतात. हृदयाच्या त्याहून मोठ्या, त्यांचं कळायला दोनतीन वर्षं जातात. दम लागतो का? हे म्हणाले, नाही. मी म्हटलं, होडी वर ओढताना मधेच थांबतात. "ता वयान गो!" वय चौपन्न.
डबा दाखवला. डॉक्टरने ठेवूनच घेतला. आत काय मिसळलंय ते कुठेच लिहिलेलं नाही. ही गोळी पोटात असताना छातीत दुखलं आणि कुणी जिभेखालची गोळी दिली, तर प्रेशर एकदम खाली येऊन जीवही जातो म्हणाला. आठ दिवस घरात होता तो.
परतीची एस.टी. कसालच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा बोलले, "नोझल."
"काय?"
"इंजिनाचो बारको नोझल आधी चोक होता. नुसतो नोझल साफ करून भागणा नाय, टाकीत कचरो आसता. सगळ्या गावाक मी ह्या सांगतंय. आणि माझा माका कळूक नाय."

४ फेब्रु., बुध.
पट्ट्यावर चालवून बघतात ती तपासणी. मधेच थांबवली. हे घाम पुसत म्हणाले, "पास?" डॉक्टर म्हणाला, "नापास, काका. पण वेळेवर नापास झालात." पुढच्या बुधवारी गोव्याला.
आईंना फक्त छातीचं सांगितलं. त्यांनी देवाजवळ नारळ ठेवला.

११ फेब्रु., बुध. गोवा.
एक नळी जवळजवळ बंद. तिथेच स्प्रिंग बसवली. मनगटातून! एवढीशी पट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अटॅक यायच्या आधी आलात. असे थोडे येतात. कशावरून आलात?" हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, देवाने सुचवलं. खोटं नाही.

१६ फेब्रु., सोम.
घरी. काल शिवरात्र, ह्यांना उपास बंद, माझा मी केला. बिडी बंद. मीठ कमी, सुकी मासळी बंद. अळणी कढीचा भुरका मारून म्हणाले, "ह्याच्यापेक्षा सोवळा बरा होता."
आता आतल्या खोलीत झोपतात. डॉक्टरने लक्ष ठेवायला सांगितलंय, हे निमित्त. ती बाब आहे तशीच आहे. आधी हृदय सावरू दे, मग त्याचंही औषध आम्हीच देऊ, मनाने काही घेऊ नका असं बजावलंय. मला घाई नाही. माणूस आहे. हात लांब केला की हात लागतो. आणखी काय मागू?

२२ फेब्रु., रवि.
सकाळी आई तांदूळ निवडत होत्या. आपणच बोलल्या. "तुझो सासरोय शेवटची दोन वर्सां पडवीतच. दसरो झालो तरी आत येवक नाय. बायका म्हणत, नशीबवान गो तू, घोव देवमाणूस. मीय तसाच मानलंय." सूप खाली ठेवलं. "तेव्हा कोण विचारणारा होता?"
म्हणजे त्यांना सगळं कळलेलं आहे. मी त्यांच्याबरोबर तांदूळ निवडत बसले.
संध्याकाळी ह्यांना विचारलं, त्या डब्याचं नाव तुम्हाला कुणी दिलं? आधी उडवाउडवी. मग, "धाकट्यान."
भांडुपचे भावजी. पन्नाशीचे. त्यांना कसं माहीत? ह्यांनी लगेच फोन लावला, सगळं सांगितलं, डॉक्टरकडे जा म्हणाले. तिकडून हसणं. "दादा, माका काय नाय रे! मित्र घेता एक. आणि मी आता देवाचा करतंय. गॅलरीत झोपतंय, वाऱ्यार. बरा वाटता."
फोन ठेवून हे माझ्याकडे बघत राहिले. मी ह्यांच्याकडे.

२५ फेब्रु., बुध.
जावेला पत्र टाकलं, सोलांच्या पार्सलात घालून. तिचा फोन सदा पोरांच्या हातात, असलं त्यावर बोलायचं कसं? नक्कल इथे ठेवते.

"चि. सौ. शुभास अनेक आशीर्वाद. सोबत कोकमाची सोलं पाठवली आहेत, घरच्या रातांब्यांची. ह्यांच्या छातीचं तुला कळलंच आहे, पण सुरुवात कशावरून झाली ते कुणाला सांगितलं नव्हतं. ते दुसऱ्या कागदावर लिहिलंय. एकटीने वाच आणि फाड.
भावजींच्या बॅगेत, कपाटात, कुठेतरी तपकिरी डबा आहे का बघ. वर घोड्याचं चित्र. सापडला तर भांडू नकोस. तू नको झालीस असं मनात आणू नकोस, मी दोन वर्षं आणलं. त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे ने, मामंजी कसे गेले ते सांग, आणि बाकीचं तूच बोल. ते 'अशक्तपणा' म्हणतील. छातीत जड वाटलं तर माझ्या पत्राचा विचार करत बसू नका, रिक्षा करा. आणि डब्यातलं काही घेतलं असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा.
माझा पत्ता घातलेलं कार्ड आत आहे. आमचा पोस्टमन वाचतो. म्हणून डबा सापडला तर नुसतं 'सोलं पोचली' लिही. नाही सापडला तर 'सोलं पोचली नाहीत.' मी समजेन. पण नीट शोधल्याशिवाय लिहू नकोस. उलट टपाली कळव."