एका घराची एक कळशी

आये, तुला उभ्या आयुष्यात कुणी पत्र पाठवलं नाही. आलं असतं तरी तू ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं असतंस आणि वाचणारं माणूस शोधत चाळभर फिरली असतीस. मी तुझ्यावरच गेले. हे मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. तिचं अक्षर सुरेख आहे असं तिचंच म्हणणं. मी आपली मान हलवते. ही तुझी पणती. हिचं काम म्हणजे भांडण, हेही तुझ्याकडूनच आलेलं. मागं जगभर साथ आली, लस निघाली, तेव्हा श्रीमंत देशांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त लस आधीच अडवून ठेवली म्हणे, आणि गरीब देशांत दवाखान्यातल्या नर्सबाईलाही मिळेना. लस बनवायची कृती सगळ्यांना खुली करा, आणि वाटायची तर सगळ्यांना सारखी वाटा, म्हणून ही पोरगी सह्या गोळा करते. माझाही अंगठा घेतला. म्हटलं, हा कुठं जाणार? म्हणाली, परदेशात. म्हटलं, बरं झालं, मुंबईत आल्यापासून मी कधी माहीम ओलांडलं नाही, अंगठा तरी फिरून येईल.

आणि दर सभेत ती तुझी गोष्ट सांगते. माझी पणजी परळच्या चाळीत आपल्या पोरीला लस मिळावी म्हणून एकटी कशी भांडली. लोक टाळ्या वाजवतात. गोष्ट तिला मीच सांगितलेली. पण आये, ती मी पुरी सांगितली नव्हती. म्हणून हे पत्र.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा संचारबंदी. त्यातच लालबागकडं देवीची साथ आली. मी नऊ-दहा वर्षांची, गावाहून आणलेली, कधीच न टोचलेली. टोचणारा यायचा तो बर्फाच्या डब्यात लशीच्या बारीक नळ्या घेऊन, आणि हातावर चकतीसारखं पातं गर्रकन फिरवायचा. रस्त्यावरून आत शिरला की आधी पुढची इमारत लागायची, कचेरीत जाणाऱ्यांची. तिथं त्याला खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. मागं आपली गिरणीवाल्यांची चाळ. तिथवर येईस्तोवर नळ्या संपलेल्या. दोनदा असंच झालं. दुसऱ्या खेपेला तर पुढच्या पोरांना पुन्हा टोचलं, पक्कं व्हावं म्हणून, आणि आपल्याकडं एकाही हातावर ओरखडा नाही.

तिसऱ्या खेपेला तू गिरणीत खाडा केलास. अजून दिसतेस मला. कमरेला धाकटा, हातात रिकामी कळशी, मागं मी. पुढच्या अंगणात जाऊन टोचणाऱ्याच्या टेबलासमोर तू ती कळशी ठणकन ठेवतेस.

"बाई, इथं पाणी नाही मिळत."

"ठाऊक हाय. आमचा नंबर हाय तो."

नळाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. एका घराची एक कळशी. सगळ्या घरांची एकेक भरली की मग दुसरी फेरी. आणि ही रीत पुढच्या इमारतीनंच घातलेली, कारण पहिल्या पाळीला जाणाऱ्या आपल्या बायका पहाटेच उठून चार-चार हंडे भरून घ्यायच्या. पुढच्या इमारतीतले एक काका खाली आले. मोर्चात घोषणा देऊन घसा बसलेला.

"अहो, नळाची रीत इथं कशाला आणलीत?"

"रीत तुमचीच ना वो भाऊ? आमी पाळतो का नाय?"

"ती पाण्यापुरती."

"मग काल मोर्चात माझ्या बाजूला उभं राहून 'मुंबई आपली, मुंबई आपली' वरडत होता, ती सुई येईस्तोवरच आपली व्हय?"

गॅलरीत सगळ्यात आधी कोण हसलं? काकांचीच बायको.  काका मात्र सरळ माणूस निघाले. घरात गेले, तोवर तुझ्या कळशीमागं चाळीतल्या बायकांनी आपापल्या कळश्यांची रांग लावली होती; आपली कळशी घेऊन आले आणि त्या रांगेत सगळ्यात शेवटी ठेवली.

टाळ्या इथवरच्या. पुढचं मी कुणालाच सांगितलं नाही.

आपली कळशी पहिली. एका घराची एक, म्हणजे आपल्या घरातलं एकच पोर. मला वाटलं, मीच. तू धाकट्याचा हात पुढं केलास. मला राग आला, आणि भीतीही वाटली. वरच्या माळ्यावरची माझी मैत्रीण तापानं पडलेली होती. शेजारच्या म्हातारीला ना मूल ना नातवंड. मी गुपचूप तिच्या दारातली कळशी उचलली, रांगेत मधेच घातली आणि तिच्यामागं उभी राहिले. नंबर आला. टोचणाऱ्यानं माझा हात धरला. दुसरा तू धरलास आणि मला बाहेर ओढलंस.

"ही माझी पोर हाय. आमच्या घराचं झालं."

"असू द्या हो बाई, एवढी उभी आहे तर."

"नाय. मग मी भांडले कशापायी?"

शेवटच्या कळशीला काकांची पाहुणी आलेली भाची पुढं झाली, माझ्याच वयाची, तीही न टोचलेली. तिचं झालं आणि नळ्या संपल्या. दुसरी फेरी झालीच नाही.

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. आठ दिवस. तूही मनधरणी केली नाहीस. फक्त रोज सकाळी भोंगा व्हायच्या आधी, डबा भरून झाला की अंथरुणात माझ्यावर वाकायचीस, कपाळाला हात लावायचीस, मग गळ्याला, मग पुन्हा कपाळाला, आणि तशीच धावत गिरणीत जायचीस. नवव्या दिवशी टोचणारा आला तो कुणी न सांगता आधी मागच्या चाळीत. दुसऱ्या फेरीची पहिली कळशी आपली. तो वण अजून हातावर आहे. पोरांना, नातवंडांना तो दाखवून मी सांगत आले की आयेनं मला सगळ्यांच्या आधी टोचून घेतलं. आईनं पोरीला रांगेतून ओढलं हे सांगायची लाज वाटायची. तुझी लाज झाकतेय असं मला वाटायचं. होती माझी.

इथं नातीचं पेन थांबलं.

"म्हणजे आजी, मी इतके दिवस सभेत खोटं बोलले?"

"अर्धं."

"आणि आता?"

"आता पुरं सांग. पोरीसाठी कुणीही भांडतं गं."

"टाळ्या कमी पडतील हां."

"पडू देत. तुला लस वाटायचीय का टाळ्या?"

हसली, आणि पुन्हा लिहायला लागली. आये, मागं तिसरी सुई घ्यायला हिनं मला नेलं, तेव्हा मी त्या नर्सबाईला विचारलं होतं, बाळा, सगळ्यांची पहिली झाली का? तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. नळावरचं तुझंच बोलणं माझ्या तोंडून आलं आणि इतकं बरं वाटलं की सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही.

हे पत्र कुठं टाकणार? चाळीच्या जागी टॉवर झालाय, वॉचमन मलाच आत सोडत नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवते. आणि एक राहिलं. त्या आठ दिवसांत सकाळी तू कपाळाला हात लावायचीस, तेव्हा मी जागीच असायचे. डोळे मिटून पडून राहायचे, हात लवकर निघू नये म्हणून.