एका आवाराचं एकच नाणं

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.
आजपासून आवारातला रानटीपणा बंद. आमच्या इथे तीन दुकानं. फिटरचं गॅरेज, बाईंची खानावळ आणि माझ्या मेहुण्याची लाँड्री. आपसात पैसे देत नाहीत, चिठ्ठ्या देतात. ज्याची त्याची चिठ्ठी वेगळी, भाव रोज वेगळा. लाँड्रीत काम कमी असलं की मेहुण्याच्या चिठ्ठीचा भाव पडतो, एका जेवणाला दोन लागतात. गर्दी असली की एक पुरते. त्यावरून रोज तमाशा. मी एकोणतीस वर्षं कॉलेजात 'अनेक देश, एक चलन' हा धडा शिकवला आहे. पितळी बिल्ले करवून घेतले. सगळ्यांना एकच बिल्ला. ही म्हणाली, माझ्या भावाचं दुकान आहे ते, तुमची प्रयोगशाळा नव्हे. हिला मॅक्रो कळत नाही.

शनिवार, ९ मार्च.
प्रचंड यश. घासाघीस शून्य. बाई प्रत्येक बिल्ला दातांनी चावून घेतात, पण घेतात. संकल्प: यावर पुस्तक लिहायचं.

गुरुवार, २१ मार्च.
समोरच्या हॉस्टेलने स्वतःचं वॉशिंग मशीन घेतलं. लाँड्रीचं निम्मं काम गेलं. गॅरेज मात्र जोरात, फिटरची माणसं दुप्पट जेवतात, म्हणून बाईंनी जेवण दीड बिल्ला केलं. मेहुणा आला. भावोजी, माझ्या चिठ्ठ्या मला परत काढू द्या, म्हणाला, भाव पाडतो, स्वस्त म्हटलं की गिऱ्हाईक येईल. मी शिस्तीचं महत्त्व सांगितलं. त्याने बादलीला लाथ मारली. बादली माझ्या नडगीला लागली. सुरुवातीला थोडा त्रास होणारच.

मंगळवार, २ एप्रिल. सकाळी.
तोडगा सापडला! बिल्ला पाडता येत नाही ना, मग मजुरी पाडा. पूर्वी मजुरी लाँड्रीच्याच चिठ्ठ्यांत असायची. चिठ्ठी पडली की कामगार बाईंना शिव्या द्यायचे आणि गप जेवायचे. आता तोंडावर सांगावं लागेल, इतकाच फरक. सुवाच्य अक्षरात नोटीस लिहून दिली: उद्यापासून रोजची मजुरी तीनऐवजी दोन बिल्ले.

दुपारी ३.
लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याने नोटीस मेहुण्याला खायला लावली. अलंकारिक नव्हे. डिंकासकट. मेहुण्याचा एक दात पडला, इस्त्रीवाल्याची भुवई फाटली. मी खिडकीतून शांततेचं आवाहन करत होतो.

शुक्रवार, ५ एप्रिल. संध्याकाळ.
लाँड्रीत बैठक बोलावली. अध्यक्ष मी. फिटरला सांगितलं, तुझ्याकडे ड्रॉवरभर बिल्ले साठलेत, गॅरेजचे सगळे कपडे इथे धुवायला टाक, पैसा फिरता राहील. फिटर म्हणाला, आळशांना मी का पोसू. मेहुण्याने विचारलं, आळशी कोणाला म्हणतोस. उत्तर पान्ह्याने मिळालं. बाईंनी आमटीचा डाव काढला आणि दिसेल त्याला हाणला. काउंटर फुटला, काचा फुटल्या. मी मुद्दा मांडायला उठलो तेवढ्यात स्टूल आलं. जबडा सरकला.

खाली माणसांच्या ढिगात इस्त्रीवाल्याने मेहुण्याचा हात गरम इस्त्रीखाली दाबला. तो ओरडला तसं मी कधी कोणाला ओरडताना ऐकलं नाही. वास अजून नाकात आहे.

हे धड्यात नव्हतं. म्हणजे होतं, शेवटी, 'एका चलनाचे तोटे' म्हणून. परीक्षेत यायचं नाही म्हणून तो भाग मी दरवर्षी ऑप्शनला टाकायचो.

रविवार, ७ एप्रिल.
ही भावाकडे राहायला गेली. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता वळणार नाहीत. मी म्हणालो, आठ तर वळतील. जाताना हिने उरलेल्या बिल्ल्यांची पिशवी माझ्या छातीवर फेकली. साडेचार किलो. नेम चांगला आहे.
मला लाज वाटली. जबडा दुखत असल्यामुळेही असेल.

शुक्रवार, १२ एप्रिल.
आवारात पुन्हा चिठ्ठ्या सुरू. एका जेवणाला मेहुण्याच्या तीन! सपशेल अधोगती. तरी खानावळीचे टॉवेल, गॅरेजचे डगले, सगळं त्याच्याकडे धुवायला येतंय म्हणे. तात्पुरतं असणार. संकल्प: रविवारी जाऊन हिला घरी आणायचं. ती वाटच बघत असेल.

रविवार, १४ एप्रिल.
रक्ताचे डाग पडलेला शर्ट घेऊन लाँड्रीत गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं. इस्त्रीवाला इस्त्री करत होता. त्याच्या शेजारी मेहुणा डाव्या हाताने घड्या घालत होता. माझ्याकडे बघितलं नाही. उजव्या हाताने लिहिता येत नाही म्हणून काउंटरवर ही बसते. घरी चल म्हणालो. मागे लाइन होती. मागचा म्हणाला, आटपा हो काका.
हिने शर्ट उलटसुलट करून पाहिला, डाग जातीलच असं नाही म्हणाली, वही ओढली, आणि पावतीवर लिहायला माझं नाव विचारलं.
मी सांगितलं.