धुराड्यातली उजवी चप्पल

मी, शंकर महादेव पाताडे, वय वर्षे एकोणसाठ, धंदा गवंडीकाम, मूळ गाव राजापूर तालुक्यात, हल्ली मुक्काम मालकांचा मळा, वफ्रा, कुवेत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या सांगण्यावाचून लिहीत आहे. रविवारी छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

१. गावचं चिऱ्याचं घर, आंब्याची सहा कलमं आणि बँकेत असेल ते सर्व पत्नी सौ. नर्मदा हिला. मी कुवेतला दुसरं बिऱ्हाड केलंय असं तिचा भाऊ मनोहर गावभर सांगत फिरला. त्याला माझी छत्री द्यावी. ती मोडकी आहे, हे मला माहीत आहे.

२. ओळंबा, पाणसळ आणि दोन्ही थाप्या मुबीनला. मुबीन रत्नागिरीचा, सालमियात बायकोपोरांत राहतो, एकवीस वर्षं माझ्याबरोबर विटा लावतोय. ओळंबा त्याने जपावा. त्याच ओळंब्याने आम्ही इथे जाणूनबुजून वाकडी भिंत बांधली.

३. ती हकीकत लिहिणं भाग आहे. मालकांनी विलायतेतल्या खेड्यात तीनशे वर्षांचं विटांचं शेतघर पाहिलं आणि तसंच इथे वाळवंटात हवं म्हणून हटून बसले. मला सात आठवडे तिकडे मापं घ्यायला धाडलं. काय घर होतं हो! एक वीट लांब, शेजारची डोक्याने, पुन्हा लांब. विटांमधल्या दरजांत सिमेंटचा कण नाही, सगळा चुना. चूल एवढी की आत माणूस उभा राहील. उत्तरेची भिंत दोन बोटं बाहेर कललेली. मालक म्हणाले, "शंकर, सेम सेम!" मी तो कलही उतरवला.

तिथल्या हॅरी नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याने धुराड्यातली एक वीट काढून मला आतला लहान मुलाचा झिजलेला जोडा दाखवला. जुन्या गवंड्यांची रीत. वाईट काही धुराड्यातून उतरलं तर ते जोड्यात अडकतं आणि घर राखलं जातं. "नवा चालत नाही, पोराच्या पायाचा आकार आलेला लागतो. आणि जागा कधी रिकामी ठेवायची नाही," म्हणाला आणि वीट परत बसवली. मला जास्त समजवावं लागलं नाही. आम्ही राखणदाराला नारळ देतो, ते जोडा देतात.

४. त्यानंतर, सोळा वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, रजेवर गावी गेलो आणि परतताना आमच्या मुकेशची उजवी चप्पल गुपचूप बॅगेत टाकली. पाच वर्षांचं पोर. निळ्या पट्ट्याची चप्पल, अंगठ्याची खूण उमटलेली. सेम सेम म्हणजे सेम सेम, एवढंच माझ्या डोक्यात. पंधरा दिवसांनी फोनवर नर्मदा म्हणाली, "अवो, मुकेशची उजवी चप्पल अजून गावत नाय. तुम्ही बघितलात काय?" मी म्हणालो, "कुत्र्याने नेली असेल. त्याला नवे बूट पाठवतो." तोवर चप्पल चुलीच्या तुळईवर सातव्या थरात, डाव्या हाताला, चुन्यात बंद झाली होती.

बूट पाठवायचे राहिले. जूनमध्ये पोर अनवाणी कलमांखाली गेलं आणि त्याला फुरसं चावलं. उजव्या पायाला.

नर्मदे, कुत्रा नव्हता. मी होतो.

५. घर पुरं झाल्यावर मालकांनी मलाच राखणीला ठेवलं. दुपारी वाळूचा वारा सुटला की माडीवर पावलं वाजतात. उजवं चपलेचं, डावं अनवाणी. जिना उतरून चुलीपर्यंत येतात आणि थांबतात. मुबीन म्हणतो, "वारा हाय तो, शंकरदादा." पण स्वतः माडीवर एकटा जात नाही. वारा कधी एका पायात चप्पल घालून चालतो का?

चप्पल मी केव्हाही काढू शकलो असतो. काढली नाही, कारण काढली तर तेवढा आवाजही जाईल. सोळा वर्षांत दोनदाच गावी गेलो. नर्मदेने डावी चप्पल देव्हाऱ्याखाली जपून ठेवली आहे, ती मला बघवत नाही. पोराला इथे एकटं टाकवेना, म्हणून तिला तिकडे एकटं टाकलं. यात तिची काही चूक नाही.

६. त्याच्यासाठी घेतलेले बूट पेटीत तसेच आहेत. ते कुठल्याही पोराच्या पायात घालावेत. भिंतीत नव्हे.

७. मी गेलो तर मुबीनने ती वीट काढावी. धुराड्याला चीर पडल्याचं मालकांना सांगून ठेवलं आहे, आणि ती खरंच पडली आहे. चप्पल कुरियरने धाडू नये. स्वतः जाऊन नर्मदेच्या हातात द्यावी आणि कलम चार वाचून दाखवावं. ती शिव्या देईल. मुबीनने मान खाली घालून ऐकाव्यात, त्या माझ्या आहेत. वाचलो तर मीच घेऊन जाईन. पण असं मी सोळा वर्षं म्हणतोय, तेव्हा मुबीनने माझ्यावर विसंबू नये.

जागा मात्र रिकामी सोडायची नाही. पलंगाखाली माझी उजवी चप्पल आहे, टाचेत झिजलेली, पायाचा आकार आलेली. ती आत ठेवून वीट चुन्यात बसवावी. सिमेंट नको. यापुढे या घराची राखण मी करीन. मुकेशला घरी जाऊ द्या.

वरचं सगळं मी दोघा साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलं. कलम चारला थांबलो, पण खोडलं काही नाही.

सही: शंकर महादेव पाताडे

साक्षीदार:
उस्मान इस्माईल मुकादम, ड्रायव्हर, शुवैख (सही)
विनिता सुरेश राणे, नर्स, सालमिया (सही)

स्थळ: वफ्रा, चुलीपाशी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५