एक तृतीयांश बाग

१२ मे

कुप्श आला होता. आम्हाला भाड्याने बागा देणाऱ्या बागसंघाचा अध्यक्ष! फाटकातूनच नजर फिरवली आणि म्हणाला, "रेबाइनबाई, एक तृतीयांश जमिनीवर भाजी-फळं हवीत. तुमच्याकडे दिसत नाहीत. जुलैअखेर मोजून दाखवा, नाहीतर बाग सोडा."

सोडा! नवरा गेला, माझा एगॉन, तेव्हापासून घरात माझं मन लागत नाही. इथे लागतं. आणि हा टिकोजीराव म्हणतो सोडा!

१३ मे

लेकीला फोन केला. आन्ट्ये म्हणाली, "सोडून दे ना, आई. किती दिवस कंबर मोडून घेणार? आणि मोजमाप तुला जमणार आहे का? शाळेत गणितात नापास व्हायचीस, तूच सांगतेस."

फोन आपटला.

१९ मे

मोजलं! भाजीचा वाफा तिन्ही कुंपणांना लागून आहे, सव्वा मीटर रुंद. टेप घेऊन त्याच्याभोवती फिरले – एकशे एक मीटर. आतला चौकोन, म्हणजे हिरवळ, खोपटं, एगॉनचे गुलाब सगळं मिळून – जेमतेम छप्पन्न. भाजीच जास्त!

कुप्शच्या तोंडावर कागद फेकला. तो हसायलाच लागला. "बाई, ही परिमिती झाली. नुसता फेरा! जमीन कुठे मोजलीत?" शेजारचे चौघे ऐकत होते. कान तापले माझे.

२० मे

ओटिलीकडे गेले. पलीकडची बाग तिची, जन्मभर शाळेत शिकवलं तिने. तिने दोरीला गाठ मारून फरशांवर चौकोन केला. आत बऱ्याच फरशा. मग तीच दोरी ताणून लांबट केली – आत मोजून तीन फरशा! "दोरी तेवढीच आहे ना गं, हेर्टा?"

दोरी तेवढीच! संतापच आला. एवढं सोपं होतं तर शाळेत कुणी दोरी का नाही दिली माझ्या हातात? छडी बरी द्यायचे!

५ जून

वाफ्याचे तीन आयत केले. लांबी गुणिले रुंदी. दोन्ही कोपरे दोनदा धरले म्हणून ओटिली ओरडली. पुन्हा केलं. बासष्ट चौरस मीटर.

बाग दोनशे चाळीस. हवेत ऐंशी. अठरा कमी!

गुलाब उपटायचे? मेले तरी नाही.

६ जून

भाजीचा वाफा जमिनीपेक्षा उंच आहे, आत गुडघाभर माती. एवढी माती फुकट का जावी? घनफळ काढलं, नेऊन दाखवलं. कुप्श म्हणाला, "आम्ही जमीन मोजतो, खड्डे नाही."

ओटिली वर म्हणते, "उत्तर बरोबर आहे हो. पण विचारलंय कुणी?"

७ जून

दिवसभर तण उपटलं.

२८ जून

सापडलं! नियमावली पुन्हा वाचली. फळझाडाच्या फांद्यांखालची जमीनसुद्धा फळबागच धरायची. आणि त्या कुप्शने माझ्या नाशपातीखालचं गवत हिरवळीत ढकललंय! स्वतःच्या संघाचा नियम वाचत नाही, आणि आम्हाला शिकवतो!

ओटिलीने फांदीच्या टोकाला वजन बांधून दोरी सोडली, मी बुंध्यापासून टेप धरली. अडीच मीटर. अडीच गुणिले अडीच, गुणिले तीन पूर्णांक चौदा शतांश. तीनदा केलं. साडेएकोणीस, वर थोडं.

बासष्ट आणि साडेएकोणीस! एक्क्याऐंशीच्या वर! बागेत एकटीच मोठ्याने हसले.

२६ जुलै

कुप्शने स्वतः टेप धरली. दोनदा. "बसतंय," म्हणाला. मी कॉफीसुद्धा विचारली नाही. उद्या आन्ट्ये यायची आहे. पहिल्या नाशपाती तिच्यासाठी टोपलीत काढून ठेवल्या. आता बघ म्हणावं, नापास आईने काय केलं ते!

२७ जुलै

सकाळी कुप्श शिक्का मारलेला कागद द्यायला आला. जाता जाता म्हणाला, "राग धरू नका. मी आपणहून आलो नसतो. तुमच्या आन्ट्येचाच फोन होता – आई माझं ऐकत नाही, तुम्ही नियमावर बोट ठेवा."

टोपली ओटिलीला देऊन टाकली.