पेन्सिलची खूण

प्रिय ठमे,

तीन वर्षांनी बापाचं पत्र बघून दचकू नकोस. गुडघा अखेर बदलायचा ठरलाय, सोमवारी ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर आधीच कामाला जुंपलंय. सिगारेट बंद, दिवसातून दोनदा पाय सरळ करून मांडी आवळायची, निघण्याआधी औषधी साबणाने आंघोळ. जन्मभर लाकूड तासलं, आता माझी पाळी.

घरासाठीही यादी दिली होती. सतरंज्या गुंडाळल्या, रोजची भांडी कमरेच्या उंचीवर आणली, पलंगाखाली ठोकळे घातले. तुझ्या आईच्या खुर्चीला हात बसवले. त्या खुर्चीतून उठताना तिला काय होत असेल, ते स्वतःचा गुडघा दुखल्यावर कळलं. लाज वाटते.

यादीत शेवटी होता न्हाणीघरातला आधाराचा दांडा. ते काम तीन दिवस टाळलं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तू रोज फोनवर विचारायचीस, दांडा लावला का, आणि मी रोज उद्यावर ढकलायचो. लोकांच्या घरी जिने बसवत हिंडत होतो. आपल्या घरी दिव्याखाली अंधार. दवाखान्यातून आल्यावर चौथ्या दिवशी ती तिथेच घसरून पडली आणि पुन्हा उठली नाही. काल दांडा लावला. वरातीमागून घोडं. अर्धा तास लागला गं, अर्धाच तास.

दाराजवळची कोरडी भिंत पुसली, तर पेन्सिलची खूण अजून तिथेच होती. सुतारकामाची सवय, खूण दिसली की हात तिथेच ड्रिल लावतो. दांडा लागल्यावर लक्षात आलं, माझ्यासाठी तो वीतभर खाली आलाय. तिच्या मापाचा आहे. काढून वर लावायला हवा, पण हात धजत नाही.

ती गेली त्या दिवशी तू विचारलंस, तेव्हा मी म्हणालो, तिने जागाच दाखवली नव्हती, मी काय करणार. खोटं बोललो. माझ्याच कानावरची पेन्सिल काढून तिने माझ्यासमोर ती खूण केली होती. तू मला आळशी समजून रागावलीस. मी खोटं बोलून दोष तिच्यावर ढकलला, हे तुला ठाऊकच नाही. शुद्धीवर आलो नाही तर ते माझ्याबरोबरच जाईल, म्हणून हे पत्र. दवाखान्याच्या फॉर्मवर 'सोबत कोण' हा रकाना आहे. तुझं नाव लिहायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. हे सगळं वाचून तुला यावंसं वाटलं, तर ते नाव तूच लिही.

तुझाच, उशिरा तोंड उघडलेला
बाबा