पेपरावरचं नाव

सांगली, ३ मार्च ७५
स्वीकारला! पेपर स्वीकारला!! मुंबईच्या जर्नलचं पत्र आलं. वॉर्डात सिस्टरना मिठीच मारली, त्या घाबरल्या. गुऱ्हाळावर उकळत्या रसानं भाजलेले पेशंट, दोन वर्षांची मेहनत. रेफरीनं मागच्या खेपेला विचारलं होतं, काहील म्हणजे काय? रस उकळायची कढई हो, अख्खा माणूस मावेल एवढी! चित्र काढून पाठवलं होतं. ऑगस्टमध्ये लेक्चररच्या मुलाखती. छापील पेपर नसता तर जन्मभर ट्यूटरच.

५ मार्च
विभागप्रमुख सरांना पेढे दिले. पेढा तोंडात आणि म्हणतात, "मे महिन्यात लग्न ना तुझं? मग छापणार कोणत्या नावानं?"
डोक्यातच आलं नव्हतं. पेपर इंदुमती जाधवचा आणि मुलाखतीला भलतीच बाई! कमिटी विचारणारच, हा कुणाचा उचललात?

सातारा, २३ मार्च
शरदच्या घरी. होणाऱ्या सासूबाईंनी माझं नवं नाव ठरवूनही टाकलंय: वैशाली. लग्नात शरद ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिणार. धीर करून म्हटलं, इंदूच राहू दे, पेपर त्याच नावानं येतोय. शरद चहाच्या कपात बघत बसला. भित्रा! मामंजी निवृत्त सुभेदार, तेच बोलले, "पलटणीत माजा नंबर कवा बदलला न्हाई. हिचंच नाव का बदलायचं?" हसूच फुटलं मला. सासूबाई मात्र उठून आत गेल्या.

सांगली, २८ एप्रिल
प्रूफं आली. माझं नाव, छापील!! दहादा वाचलं. संपादकांची चिठ्ठी: नावात बदल असल्यास आताच कळवा. शरदला ट्रंक कॉल.
"आईला काय सांगू?"
"ते तू बघ."
नाव तसंच ठेवून प्रूफं टपालपेटीत टाकली. परतताना रस्ताच चुकले. आनंदानंच, बहुतेक.

८ मे
हळद लागली. शरदची उष्टी हळद घेऊन सासूबाई स्वतः आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माजं नाव आदी चंपा व्हतं. म्हायारची माणसं गेली, आता त्या नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई."
हातच धरला त्यांचा.
"शरदला म्या काय बी सांगितलं न्हाई," म्हणाल्या. "लिवंल त्याला वाटंल ते."
तांदूळ निवडून ठेवलेत. अंगठी उद्या त्या भित्र्याच्या हातात.